अण्णांचं भांडण गेटवरून वहीत आण

पत्र

काकू, नमस्कार.

सांगलीत विश्रामबागच्या पुढं आमची कॉलनी आहे. घरात मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासू-सासरे. सासरे, म्हणजे अण्णा, साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. रिटायर झाल्यापासून त्यांना एकच विषय आहे, आमच्या कॉलनीचा रस्ता. झाडणारी बाई कधी येते, कधी चार-चार दिवस फिरकत नाही. गटारीतला गाळ काढतात आणि ढीग आमच्याच दारात लावून जातात. त्यात दिवाळीनंतर ड्रेनेजसाठी रस्ता उकरला, पाइप घातले, वर माती लोटली आणि गेले. आता ऊन पडलं की धूळ, पाऊस पडला की राडा.

अण्णा सकाळी सहापासून गेटवर उभे. झाडूवालीशी भांडण, मुकादमाशी भांडण. मागच्या आठवड्यात ती बाई सावलीला बसली होती, तिचा व्हिडिओ काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. परवा साठलेला पाचोळा कोपऱ्यावर पेटवून दिला. आयुक्तांना दोन-दोन पानी पत्रं लिहितात, उत्तर येत नाही. ऑनलाइन तक्रार केली तर दुसऱ्याच गल्लीचा फोटो लावून ‘निराकरण झाले’ असं आलं. आता म्हणतात, घरपट्टी भरणार नाही. कॉलनीतल्यांचं म्हणणं, घरटी शंभर रुपये काढू आणि त्याच बाईला देऊ, मग बघा रोज झाडते की नाही. अण्णांची बीपीची गोळी वाढलीय, सासूबाई चिडून असतात, मिस्टर कानाडोळा करतात. मी सून, मी काय बोलणार? पण त्यांना गप्प कसं बसवावं ते सांगा.

— नाव छापू नये, सांगली

उत्तर

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. अण्णांना गप्प बसवायचं नाही. ते बसणारही नाहीत, आणि बसले तर जास्त आजारी पडतील. जन्मभर स्टोअर सांभाळलेला माणूस आहे तो. एक बेअरिंग कमी भरलं तर रजिस्टर उघडणारा, गेटपासशिवाय खिळा बाहेर जाऊ न देणारा. अशा माणसाला रस्त्यावर काम अर्धवट पडलेलं दिसतं आणि त्याच्याखाली सही कुणाची ते दिसत नाही. धुळीपेक्षा त्याचाच त्रास त्यांना जास्त होत असणार. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. चुकतेय ती समोरच्या माणसाची निवड. गेटवरून हाताला लागतो तो साखळीतला सगळ्यात खालचा माणूस, आणि अण्णा सगळा राग त्याच्यावर काढतायत.

म्हणून पहिलं काम त्या व्हिडिओचं. तो ग्रुपवरून काढायला सांग, आणि हे मात्र स्पष्ट सांग. सून म्हणून संकोच वाटत असेल तर ही पुरवणी त्यांच्यासमोर उघडून ठेव, माझ्या नावावर खपव. ती बाई नऊ-साडेनऊला सावलीत बसलेली दिसली असेल. पण तिची हजेरी लागते पहाटे. हजेरी शेडवर सही-अंगठा, खराटा आणि ढकलगाडी घ्यायची आणि उजाडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागायचं, कारण वर्दळ सुरू झाली की तिथं झाडता येत नाही. तुमच्या गल्लीत येईपर्यंत तिचं निम्मं काम उरकलेलं असतं आणि पोटात काही नसतं. ती भाकरी खायला बसली होती, हे व्हिडिओत कुठं दिसतं? आणि असे व्हिडिओ फिरले की नोटीस निघते ती तिला. ती मानधनावर किंवा ठेकेदाराकडं असेल तर नोटीससुद्धा निघत नाही, उद्यापासून येऊ नको, एवढंच सांगतात.

आता ती चार दिवस का फिरकत नाही ते बघू. इथं अण्णांना आवडेल असा हिशेब आहे. केंद्र सरकारच्या घनकचरा व्यवस्थापनाच्या मॅन्युअलमध्ये एका माणसानं दिवसात किती रस्ता झाडावा याचं माप दिलेलं आहे. दाट वस्तीत आणि बाजारपेठेत साधारण 250 ते 350 मीटर, मध्यम वस्तीत 400 ते 600 आणि विरळ वस्तीत 650 ते 750. अण्णांना सकाळच्या फिरण्यात तुमच्या कॉलनीच्या गल्ल्या पावलांनी मोजायला सांग. मग मुकादमाला, भांडायला नव्हे, विचारायला सांग की या बाईच्या बीटमध्ये, म्हणजे तिला नेमून दिलेल्या भागात, आणखी कुठले रस्ते येतात. मला वाटतं, तो जी नावं सांगेल ती सगळी मिळून दोन माणसांचं काम निघेल. कुणी रजेवर गेलं की त्याचंही बीट तिच्याच गळ्यात पडत असणार. तसं असेल तर ती चार दिवसांनी येते हा आळस नाही, तो साधा भागाकार आहे. आणि तसं नसेल, बीट लहान असून गल्ली सुटत असेल, तर अण्णांच्या हातात पहिल्यांदा ठोस मुद्दा येईल.

माणसं आळशी आहेत म्हणून शहर घाण आहे, हे मला सांगलीच्या बाबतीत तर बिलकूल पटत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45. पाणी उतरल्यावर गावभागात, पेठांत, मंडईत काय अवस्था होती ते तुलाही आठवत असेल. गुडघाभर चिखल, कुजलेलं धान्य, भिजून फुगलेल्या गाद्या, दुकानांतला सडलेला माल रस्त्यावर. तो उपसला कुणी? याच खराटेवाल्यांनी. मदतीला बाहेरच्या पालिकांची पथकं आली, डंपर आले, जेसीबी आले, आणि रस्ते दिसायला लागले. माणसं तीच होती. फक्त तेव्हा माणूस, गाडी आणि साहेब तिघं एका वेळी एका जागी होते. एरवी गाळ काढणारी टोळी सोमवारी येते, उचलणारा ट्रॅक्टर गुरुवारी, आणि साहेब मीटिंगला.

गाळाचं कोडं त्यातच आहे. गटारीतून काढलेला गाळ लगेच उचलत नाहीत, याला एक खरं कारण आहे. ओला गाळ गाडीत भरला तर निम्मं पाणी रस्त्याभर सांडत जातं. म्हणून काठावर ढीग लावून निथळू देतात. एक दिवस, फार तर दोन. त्यानंतर तो दारात राहिला तर तो निष्काळजीपणा, आणि पावसाची एक सर आली की सगळा परत गटारीत, म्हणजे केलेलं काम वाया. तेव्हा ‘गाळ दारात टाकला’ अशी तक्रार करू नका, तिला उत्तर तयार असतं. ‘अमुक तारखेला काढलेला गाळ अमुक तारखेपर्यंत उचललेला नाही’ अशी करा, तिला नसतं. गटारीत माणूस उतरवा असं मात्र अण्णांनी रागाच्या भरातसुद्धा कुणाला म्हणू नये. साधनांशिवाय माणसाकडून मैला साफ करून घ्यायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे.

आणि पाचोळा पेटवण्याचं. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनुसार मनाई आहे. उद्या स्वच्छता निरीक्षकानं दंडाची पावती अण्णांच्याच नावानं फाडली तर सगळ्या कॉलनीत तोंड कुठं दाखवायचं? तक्रार करणाऱ्यानं स्वतःची बाजू स्वच्छ ठेवावी लागते. कडुनिंब-गुलमोहराचा पाचोळा असेल तर अंगणात खड्डा करून कुजवा, पावसाळ्यापर्यंत कुंड्यांना खत होईल.

आता त्या दोन पानी पत्रांकडं येते. मी नोकरीतली बरीच वर्षं एका नगरपालिकेच्या आवक-जावक टेबलावर काढली आहेत. दोन पानी पत्राचं पुढं काय होतं हे मला जेवढं माहीत आहे तेवढं आयुक्तांनाही नसेल. पत्र येतं, ‘मा. आयुक्त साहेब यांसी’. पहिल्या परिच्छेदात झाडलोट, दुसऱ्यात गटार, तिसऱ्यात रस्ता, मग मोकाट कुत्री, बंद दिवा, आणि शेवटी ‘आपल्या कार्यक्षम कारकिर्दीत’ वगैरे. आवक क्रमांक पडतो. वर समासात शेरा येतो, ‘पहा व उचित कार्यवाही करा’. ते जातं आरोग्य विभागाकडं, कारण पहिला मुद्दा झाडलोटीचा. आरोग्यवाले वाचतात, त्यांना रस्ता दिसतो, ते लिहितात ‘बांधकाम विभागाशी संबंधित’. बांधकामवाले म्हणतात खोदाई ड्रेनेजची आहे. ड्रेनेजवाले म्हणतात आमचं काम पूर्ण, पृष्ठभाग बांधकामनं करायचा. दिवा विद्युत विभागाचा. एवढ्या प्रवासात दोन-तीन महिने जातात, कागदाला पिना टोचून टोचून भोकं पडतात, आणि शेवटी कुणीतरी शेरा मारतो, ‘दप्तरी दाखल’, म्हणजे विषय संपला. यात वाईट वागलं असं कुणीच सापडत नाही. प्रत्येकानं आपल्यापुरता कागद पुढं सरकवलेला असतो.

म्हणून अण्णांना सांग, एका पत्रात एकच विषय. झाडलोटीचं वेगळं, गाळाचं वेगळं, रस्त्याचं वेगळं. तीन कागद, तीन आवक क्रमांक, तीन ठिकाणी. दहा ओळींच्या वर एक अक्षर नको. त्यात काय हवं? जागा, तारीख आणि मागणी. जागा म्हणजे ‘आमच्या कॉलनीत’ नव्हे. तुमच्या दारासमोर विजेचा खांब असेल, त्याच्यावर रंगानं नंबर टाकलेला असतो. ‘खांब क्रमांक अमुक ते अमुक’ असं लिहिलं की दुसऱ्या गल्लीचा फोटो लावायची सोय राहत नाही. ऑनलाइन तक्रारीतही तेच. फोटोत खांबाचा नंबर दिसला पाहिजे. खोट्या फोटोनं बंद केलेली तक्रार परत उघडता येत असेल तर उघडा, नसेल तर नवी टाका आणि तिच्यात जुन्या तक्रारीचा क्रमांक लिहा. ‘या क्रमांकाच्या तक्रारीला जोडलेला फोटो या जागेचा नाही’ हे वाक्य वरच्या माणसाला फार टोचतं, कारण ते खालच्यानं त्याला फसवल्याचं सांगतं.

पत्र आयुक्तांना न देता आधी तुमच्या प्रभाग समितीच्या कार्यालयात द्या. सांगली, मिरज, कुपवाड ही तीन गावं 1998 साली एका महापालिकेत आली. एवढ्या पसाऱ्यात आयुक्तांच्या टेबलावर तुमची गल्ली पोचायला वेळ लागणारच. प्रभाग कार्यालयात सहायक आयुक्त असतो, झाडलोटीसाठी स्वच्छता निरीक्षक असतो, आणि त्यांना तुमची गल्ली पायाखालची असते. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय अण्णांनी खिडकी सोडायची नाही. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणतील. स्टोअरमध्ये मालाची पोच न घेता अण्णांनी ट्रक सोडला असता का, असं त्यांना विचार. ते स्वतःच हसतील.

रस्त्याचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथंच खरी गोम आहे आणि तिथंच बहुतेक लोक चुकीच्या वेळी चुकीच्या माणसावर ओरडतात.

आपल्याकडची जमीन काळी. कृष्णाकाठची ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. अशा मातीत चर खणला, पाइप घातला आणि परत माती लोटली, तर ती वर्षभर बसत राहते. त्यावर लगेच डांबर ओढलं तर पहिल्या पावसाळ्यात चराच्या रेषेत रस्ता खचतो, आणि मग अण्णाच म्हणतील, बघा कसलं निकृष्ट काम! त्यामुळं चर भरल्यानंतर थोडं थांबणं हा आळस नाही. पण थांबायचं म्हणजे मोकळी माती टाकून निघून जायचं नाही. चर थरांमध्ये भरायचा, प्रत्येक थर पाणी मारून दाबायचा, वर मुरूम आणि खडी टाकून रोलर फिरवायचा, म्हणजे डांबर येईपर्यंत रस्ता चालण्याजोगा राहतो. तुमच्याकडं नुसती माती लोटलीय असं तू लिहितेस. तेव्हा आजची मागणी डांबरीकरणाची करू नका. मागणी करा चर नीट भरून मुरूम आणि खडी टाकण्याची. ती लहान आहे, चालू कामाच्या ठेकेदाराकडूनच करून घेता येते, नवं टेंडर लागत नाही. डांबरीकरण मागाल तर ‘निधी उपलब्ध होताच’ असं उत्तर येईल आणि अण्णांची गोळी आणखी वाढेल. शिवाय पावसाळ्यात डांबराची कामं बंदच असतात. तेव्हा डांबराचा पाठपुरावा पावसाळ्यानंतर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास सुरू करायचा.

डांबर पडण्याआधी आणखी एक खात्री करून घ्या. घराघरांची ड्रेनेज जोडणी झाली का? नसेल तर डांबर पडल्यावर प्रत्येक जण आपापल्या दारात ते परत फोडेल. पाण्याची लाइन बदलायची आहे का, तेही आत्ताच विचारा. नवा गुळगुळीत रस्ता महिन्याभरात फुटलेला बघितला की लोक म्हणतात पालिकेला अक्कल नाही. अक्कल असते, पण ती तीन विभागांत वाटलेली असते आणि त्यांची टिपणं एकमेकांच्या टेबलावर वेळेत पोचत नाहीत. कॉलनीनं एका पानावर ‘डांबरीकरणापूर्वी ही ही कामं उरली आहेत’ असं लिहून तिन्ही विभागांना एकच प्रत दिली, तर ते काम तुम्ही त्यांच्यासाठी केल्यासारखं होतं. ते बोलून दाखवणार नाहीत, पण त्यांना बरं वाटतं.

खोदाई मोबाइलची केबल टाकणाऱ्या किंवा गॅसच्या कंपनीची असती तर मुद्दा आणखी सोपा होता. रस्ता खणायची परवानगी देताना पालिका कंपनीकडून तो पूर्ववत करण्याचे पैसे आधीच भरून घेते. तिथं ‘निधी नाही’ हे उत्तर चालतच नाही. पुढच्या वेळी कुणी फावडं लावलं की अण्णांनी पहिल्याच दिवशी परवानगीचा कागद बघायला मागावा.

आणि एक अवघड प्रश्न, जो तुझ्या पत्रात नाही पण विचारलाच पाहिजे. तुमची कॉलनी गुंठेवारीतली आहे का? सांगलीत बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथं सापडतं. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट, रस्ते फक्त दलालाच्या नकाशावर. 2001 साली गुंठेवारीचा कायदा आला, पुढं 2021 च्या दुरुस्तीनं डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करून घ्यायची मुभा मिळाली. पण कितीतरी लोकांनी घर नियमित करून घेतलं आणि रस्त्याचं बघितलंच नाही. रस्ता रीतसर पालिकेच्या ताब्यात आलेला नसेल तर बांधकाम विभागाचा माणूस वहीवर पेन टेकवायला घाबरतो. हे एकदा नगररचना विभागातून तपासून घ्या. नाहीतर अण्णा पाच वर्षं चुकीच्या दारावर धडका देत बसतील.

पत्राला उत्तर आलं नाही तर काय? महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, म्हणजे अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात, अर्ज मात्र आधी द्यावा लागतो आणि आधीच्या पत्रांच्या पोच लावाव्या लागतात. म्हणून ते शिक्के. त्याच्याही पुढं माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. पण तिथं ‘रस्ता का केला नाही?’ असं विचारू नका. माहितीच्या अधिकारात ‘का’ला उत्तर मिळत नाही, कागद मिळतो. कागद मागा. आमच्या बीटचा झाडलोटीचा तक्ता आणि मागच्या महिन्याची हजेरी. ड्रेनेजच्या कामाचा कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याचा लेखी आदेश, त्याचं अंदाजपत्रक आणि झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेची प्रत. अंदाजपत्रकात चर भरून पृष्ठभाग पूर्ववत करण्याची बाब असेल आणि मोजमाप पुस्तिकेत ती झाल्याची नोंद असेल, पण दारात माती असेल, तर पुढं कुणाला काही सांगावं लागत नाही. कार्यादेशावर काम संपल्याची तारीख आणि दोष दायित्वाचा कालावधीही असतो. त्या मुदतीत रस्ता खचला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो, आणि त्याची अनामत पालिकेकडं अडकलेली असते. हे शब्द अण्णांना नवे नाहीत. कारखान्यात त्यांनी पुरवठादारांची बिलं अशीच अडवली असतील. तीस दिवसांत काही आलं नाही तर वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील करायचं, त्यात संकोच नको.

‘पैसे नाहीत’ हे उत्तर आलं तर अण्णांना रतलामची गोष्ट सांग. मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये उघड्या गटारी आणि घाणीला कंटाळून रहिवासी दंडाधिकाऱ्यांकडं गेले, पालिकेनं पैशाचं कारण पुढं केलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1980 साली न्यायालयानं सांगितलं की निधी नाही म्हणून पालिकेला तिचं मूळ कर्तव्य टाळता येणार नाही. आपल्या महापालिका अधिनियमातही कलम 63 मध्ये रस्त्यांची साफसफाई हे आवश्यक कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, हौसेची बाब म्हणून नाही. आणि रतलामकरांनी जो मार्ग धरला तो आजही आहे. सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडं जाता येतं, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 152. पण ही शेवटची पायरी. चार ढीग उचलायला एवढं लांब जाऊ नये, असं माझं मत.

घरपट्टी मात्र भरा, आणि वेळेत भरा. यावर मी अण्णांशी भांडायला तयार आहे. थकलेल्या घरपट्टीवर दर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, म्हणजे वर्षाला चोवीस. तेवढं व्याज आपल्या बँकेत तरी मिळतं का? वर जप्तीची नोटीस दारावर चिकटवली की सासूबाईंचा राग पालिकेवर नाही, अण्णांवर निघेल. कर हा सेवेचा मोबदला नसतो, त्यामुळं ‘सेवा नाही तर कर नाही’ हे कायद्यापुढं टिकत नाही. हं, बिलात कचऱ्याचं उपयोगकर्ता शुल्क वेगळं लावलेलं असेल तर ती गोष्ट निराळी. ते शुल्क आहे, कर नाही. ते घेऊन घंटागाडी येत नसेल तर त्यावर स्वतंत्र तक्रार करायला जागा आहे. पैसे भरा, पावती घ्या, तक्रार करा, याच क्रमानं. थकबाकीदाराची तक्रार वाचताना समोरचा माणूस आधी थकबाकी काढून बघतो, हे मी टेबलापलीकडून सांगतेय.

कॉलनीनं घरटी शंभर रुपये काढायचं ठरवलंय, ते मला अजिबात मान्य नाही. तुम्हाला सोपं वाटतं, पण बघ काय होतं. ती बाई रोज तुमच्याकडं झाडेल. तिचे तास वाढणार नाहीत, म्हणजे तेवढा वेळ ती कुठल्यातरी दुसऱ्या गल्लीतून काढेल, जिथली माणसं शंभर रुपये काढू शकत नाहीत. मुकादमाला कळलं तर त्याचा वाटा लागेल किंवा तिची नोकरी जाईल. आणि तुमचं बीट कागदावर ‘नियमित’ दिसेल, त्यामुळं माणूस कमी आहे ही गोष्ट कायमची झाकली जाईल. वर्षभरानं ती बदलून गेली की नव्या माणसाचा पहिला प्रश्न, आधीच्या बाईला किती देत होता? पाणी द्या, चहा द्या, उन्हाळ्यात ताक द्या, दिवाळीला साडी द्या, ही माणुसकी झाली. पगार द्यायचा नाही. कॉलनीला पैसे काढायचेच असतील तर गल्लीच्या तोंडाशी झाडं लावायला काढा, किंवा ओला-सुका कचरा वेगळा न करणाऱ्या घरांच्या मागं लागा. ते काम कुठली पालिका तुमच्या घरात येऊन करणार नाही.

राहिलं घर. अण्णांसाठी कारखान्यात वापरत तसलं एक जाड, लाल कापडी पाठीचं रजिस्टर आण. मारुती रोडला मिळतील. तारीख, काय दिसलं, कुणाला सांगितलं, काय उत्तर, पोच क्रमांक, अशी घरं आखून ते स्वतःच भरतील, तू सांगायचीही गरज नाही. गेटवर उभं राहायची वेळ अर्धा तास ठरव आणि ती गोळी घेतल्यावरची असू दे. महिन्यातून एकदा प्रभाग कार्यालयात जाताना तुझ्या मिस्टरांनी त्यांना गाडीवर नेऊन आणायचं. हे काम मी मुद्दाम तुझ्यावर टाकत नाही. वडिलांच्या तक्रारीकडं कानाडोळा करणाऱ्या मुलानं त्या खिडकीसमोर एकदा तासभर उभं राहून बघावं. आणि कॉलनीच्या ग्रुपवर अण्णांनी यापुढं फोटो टाकायचा तो ढिगाचा किंवा चराचा, माणसाचा नाही. व्हिडिओ काढून टाकला की त्या बाईला एकदा थांबवून बोलायला सांग. माफी मागायला त्यांना जड जाईल, तर निदान तिचं नाव विचारू दे आणि तिच्या बीटमधले रस्ते कुठले ते तिच्याकडूनच लिहून घेऊ दे. मुकादमापेक्षा ती जास्त खरं सांगेल.